नोटीस प्रत्यक्षात किती दिवसांची दिलीत? अनुभव लिहा

नव्वदची_नवरी
नवीन ऑफर हातात आहे. सध्याच्या ठिकाणी नोटीस पिरियड ९० दिवसांचा, आणि नवा एचआर म्हणतो तीसमध्ये जॉइन व्हा. बायआउट (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटणं) 'मॅनेजरच्या मर्जीवर', म्हणजे प्रोजेक्टला दुसरं माणूस मिळेपर्यंत नाहीच. लेटरवर काय छापलंय ते मलाही वाचता येतं. तुम्ही खरोखर किती दिवस दिलेत, आधी कुणाच्या कानावर घातलंत, पैशांचं काय झालं, ते सांगा. आयटीवाल्यांनीच लिहावं असं अजिबात नाही.

बग_बहाद्दर
नव्वदचे पंचेचाळीस होतात, पण राजीनाम्याचा मेल टाकायच्या आधी बोललात तर. मी केटीचा (काम दुसऱ्याला समजावून देण्याचा) प्लॅन एक्सेलमध्ये स्वतःच करून नेला होता. कुठलं मॉड्यूल कुणाकडे, कुठल्या आठवड्यात, सगळं. मॅनेजरला वर दाखवायला काहीतरी मिळालं, मला तारीख मिळाली. रिकामे हात हलवत गेलो असतो तर 'बघू' ऐकून परत आलो असतो.

उरलेल्या दिवसांचे पैसे नव्या कंपनीने जॉइनिंग बोनस म्हणून दिले. त्यावर टीडीएस कापला जातो, तेव्हा आकडा ठरवताना तो धरूनच बोला. बायआउट बेसिकवर की ग्रॉसवर हेही अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघून घ्या, फरक जवळपास दुपटीचा पडू शकतो. एफएनएफमध्ये (सोडतानाच्या शेवटच्या हिशोबात) नोटीस-पेवर, म्हणजे न भरलेल्या नोटिशीपोटी कापलेल्या पैशांवर, जीएसटी लावून आला तर ऑगस्ट २०२२ चं सीबीआयसीचं (केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं) परिपत्रक पुढे करा. तो लागत नाही.

सेल्सवाला
आमच्यात प्रश्नच येत नाही. मी प्रतिस्पर्ध्याकडे जातोय म्हटल्यावर दुपारपर्यंत लॅपटॉप गेला, संध्याकाळी मी. नोटिशीचा पगार मात्र पूर्ण दिला. फॉर्म १६ आणि पगाराच्या स्लिपा आधीच घरच्या मेलवर घेऊन ठेवा, बस.

खडू_फळा
मी खासगी अनुदानित शाळेत होतो. आमच्यासाठी १९८१ ची नियमावली आहे: कायम शिक्षकाला तीन महिने, तात्पुरत्याला एक. राजीनाम्याच्या दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही-तारीख, एक संस्थेला रजिस्टर पोस्टाने, एक आपल्यापाशी. बाहेरच्यांना हा कारकुनी सोपस्कार वाटतो. नोकरी देतानाच कोऱ्या तारखेचा राजीनामा लिहून घेणारे संस्थाचालक ज्यांनी पाहिलेत, त्यांना त्या पोस्टाच्या पावतीची किंमत माहीत असते.

माझं जायचं दिवाळीतच ठरलं होतं. पण लगेच दिला असता तर दहावीच्या पेपरांच्या ऐन तोंडावर सुटलो असतो, आणि भूमितीचा वर्ग माझ्याकडे. म्हणून डिसेंबर संपता संपता दिला. मुख्याध्यापकांना मात्र आधीच खासगीत सांगितलं होतं. त्यांनी जूनसाठी माणूस शोधायला घेतला आणि स्टाफरूममध्ये अवाक्षर काढलं नाही.

नेकारकाठ
जर्मनीतून. इथे कायद्याने नोकरदाराला चार आठवडे द्यावे लागतात, तेही महिन्याच्या १५ तारखेला किंवा अखेरीस संपतील असे. करारात जास्त लिहिलेलं असू शकतं. माझ्या करारात तीन महिने होते. ईमेलने दिलेला राजीनामा चालत नाही, कागदावर शाईची सही लागते. तीन महिने ऐकून नव्या कंपनीने भुवईसुद्धा उंचावली नाही. वाजलं ते शिल्लक रजांवरून.

काठावरचा
काही न सांगता सरळ निघून गेलं तर कोर्टात खेचतात का हो?

काळा_कोट
धरून कामाला बसवू शकत नाहीत. वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही. पैसे मागू शकतात. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. पण ती सरकारी बँक, भरतीच्या खर्चाचा मुद्दा होता. उद्या कुणीही कसलाही बाँड तोंडावर फेकेल म्हणून घाबरू नका. रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडवणं हा त्यांचा खरा हुकमी पत्ता, म्हणून सगळं लेखी ठेवा.

पोळीवालीची_लेक
इथे चालेल का माहीत नाही, तरी लिहिते. आई कोथरूडमध्ये चार घरी पोळ्या करते. लेटर नाही, एचआर नाही. एक घर सोडायचं होतं, तर तिने दिवाळी होऊ दिली. आधी सांगितलं असतं तर बोनसचं पाकीट पातळ झालं असतं, हा तिचा हिशोब, आणि मला तो शंभर टक्के पटतो.

मग बदली बाई स्वतःच नेली. गव्हाच्या पिठाचा डबा कुठला, आजोबांना पोळी दुधात कुस्करायला लागते म्हणून त्यांच्या दोन बिनतेलाच्या आणि जाडसर, गॅसचं डावं बटण दाबून फिरवायचं, हे सगळं शेजारी उभं राहून दाखवलं. तरी मॅडम म्हणाल्याच, "महिनाभर आधी सांगायची पद्धत असते हो." ह्याच मॅडम मुलाकडे बंगळूरला गेल्या तेव्हा आदल्या संध्याकाळी सांगून गेल्या होत्या, आणि तेवढ्या दिवसांचा खाडा धरला होता.

आता नवं घर धरताना आई पगाराआधी हेच विचारते: गावाला गेलात तर किती दिवस आधी सांगाल, आणि त्या दिवसांचे पैसे?