टू-के पीयू हार्डनरने दमा होतो का?

गॅरेजवाला
आमचा पेंटर गाड्यांना टू-के पीयू (हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन) क्लिअरकोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, स्प्रेने मारतो. इतकी वर्षं काही त्रास नव्हता. हल्ली रात्री खोकला आणि छातीत घरघर. सुट्टीत गावी गेला की ठणठणीत. पुरवठादार म्हणतो हार्डनर लो-मोनोमर आहे, थिनर बाधत असेल. मास्क कार्बन काडतुसाचा आहे.

बूथ_फिल्टर
संशय हार्डनरवरच घ्या. त्यात एचडीआय असतं; ते आयसोसायनेट या दमा लावणाऱ्या रसायनांपैकी एक. लो-मोनोमर म्हणजे सुटा एचडीआय कमी; बाकीचा जोडसाखळीतला एचडीआय स्प्रे गनमधून तुषार होऊन उडतोच आणि तोही ॲलर्जी लावतो. वर्षानुवर्षं काही न होता अचानक सुरू होणं हे तर याचं नेहमीचंच. ब्रिटनमधली हवेतल्या आयसोसायनेटची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ०.०२ मिलिग्रॅम आहे. वास येईपर्यंत ती केव्हाच ओलांडलेली असते. म्हणून काडतूस संपलं तरी पेंटरला कळत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा, दाढी असेल तर व्हायझरचा (तोंडापुढे पारदर्शक पडदा असलेला). घोळ होतो तो गन थांबल्यावर: फिनिश बघायला व्हायझर वर करतात, तेव्हा बूथमध्ये (स्प्रेच्या बंद खोलीत) पेंटचं धुकं असतंच, फक्त दिसत नाही. धूर सोडून बूथ किती मिनिटांत साफ होतो ते मोजा आणि दारावर लिहा. हार्डनर मिसळताना, गन धुताना नायट्राइलचे हातमोजे; त्वचेवाटेही ॲलर्जी लागू शकते.

श्वासमापक
आधी पीक फ्लो मीटर (फुंकेचा जोर मोजायचं छोटं यंत्र) आणा. जागेपणी दिवसातून निदान चार वेळा, दर वेळी तीन फुंका, सर्वांत मोठा आकडा लिहायचा. हे चार आठवडे, सुट्टीचे दिवस धरून. इन्हेलर मध्येच बदलला तर तक्ता वाया. मात्र धाप जास्त असेल तर तक्त्यासाठी त्याला बूथमध्ये ठेवू नका.

गॅरेजवाला
रक्ताच्या ॲलर्जी टेस्टने काम भागेल?

श्वासमापक
नाही. आयसोसायनेटच्या बऱ्याच रुग्णांत आयजीई (या टेस्टमध्ये मोजतात ते ॲलर्जीचं प्रतिपिंड) निगेटिव्हच येतं. पॉझिटिव्ह आलं तर उपयोगी, निगेटिव्ह आलं म्हणून दमा हार्डनरचा नाही असं म्हणता येत नाही. निदान पक्कं झालं की स्प्रेचं काम कायमचं बंद, नुसता चांगला मास्क देऊन चालत नाही. मग दमा उसळायला अगदी थोडा तुषारही पुरतो. सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत (आधी ही यादी ईएसआय या कामगार विमा कायद्यात होती), कामामुळे होणारा दमा आहे, तेव्हा तक्ता आणि हार्डनरची सेफ्टी डेटा शीट (उत्पादकाचं सुरक्षा माहितीपत्रक) जपून ठेवा.

बूथ_फिल्टर
शेजारी उभं राहून घासकाम करणाऱ्या पोराचंही बघा. त्याला तर मास्कच नसतो.