दारूवर डॉक्टरांची गोळी घेतली, तर ती 'सोडली' धरायची का नाही?

बेदाणा (धागा माझा)

परवा सांगलीत एका साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत मेव्हण्यानं सगळ्यांदेखत काढलं, "दाजी, तुमची कमी झाली ती गोळीनं. तुम्ही काय केलं त्यात?" लोक हसले, मी पण हसलो, आणि मसालेभात तसाच ठेवून उठलो. राग काही जिरला नाही, म्हणून इथे लिहितोय.

तासगावकडे माझी अडीच एकर द्राक्षबाग. वय ४६. फळछाटणी झाली की पहाटे उठून फवारणी, दिवसभर बाग आणि दिवेलागणीला ढाबा. एका क्वार्टरवरून दोनवर कधी गेलो ते कळलंच नाही. कुणाशी भांडण नाही, बायकोवर हात नाही, गटारीत पडलो नाही, म्हणजे मी बेवडा नाही असा माझा हिशोब. मार्चमध्ये पोट जड वाटतं म्हणून मिरजेला दाखवलं. सोनोग्राफीत लिव्हरला चरबी, रक्तात आकडे वाढलेले. तिथून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवणी.

त्यांनी आधी दारूचं विचारलंच नाही. "अंगदुखीला काय खाता?" ट्रॅक्टरवर बसून कंबर गेलेली, त्यासाठी ट्रॅमाडॉल चालू होती. ती बंद करून दहा दिवस थांबवलं, कारण ती अफूच्या कुळातली आणि जी गोळी द्यायची ती, नाल्ट्रेक्सोन, नेमकी त्या कुळाच्या आडवी येते. दोन्ही एकत्र झाल्या असत्या तर माझी धडगत नव्हती म्हणे. सकाळी हात थरथरतात का, कधी फिट आली का, हेही खोदून विचारलं. मग चार दिवस अर्धी, पुढे पूर्ण ५० मिलिग्रॅम. पिणार असं वाटेल त्या दिवशी तासभर आधी घ्यायची. ही पद्धत फिनलंडमध्ये काम केलेल्या जॉन डेव्हिड सिंक्लेअर या संशोधकाची. बरेच डॉक्टर ती रोजच घ्यायला सांगतात.

पहिली संध्याकाळ सांगतो. ढाबा तोच, खुर्ची तीच, शेंगदाणे तेच. पहिला पेग घेतला. चव दारूचीच, डोकंही थोडं हललं, पण आतून जी ऊब सुटते आणि 'अजून एक होऊ दे' म्हणते, ती सुटलीच नाही. जेवणावेळी उपास आठवल्यासारखं झालं. दुसरा पेग अर्धा राहिला. मी उठलो आणि मित्रानं तो अर्धा आपल्या ग्लासात ओतून घेतला. पंचवीस वर्षांत टेबलावर दारू ठेवून उठायची माझी ती पहिली वेळ.

आज सात महिने झाले. फवारणीची वही असते ना, कुठलं औषध किती, कधी मारलं त्याची, तिच्याच मागच्या पानांवर लिहितो. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी नव्वद मिली, बाकी दिवस कोरडे. आता बोला, मेव्हणा बरोबर का मी?

पेठनाका

मेव्हणा बरोबर. राग मानू नका. आमच्या वडिलांनी पंढरपुरात माळ घातली आणि त्या दिवसापासून थेंब नाही, एकतीस वर्षं झाली. ना डॉक्टर, ना गोळी. मनाची तयारी लागते. तुमची तर अजून चालूच आहे, तिला सोडली कसं म्हणायचं?

मेडिकलवाला

@पेठनाका, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण माळ खुंटीला टांगून बसणारे आणि उठल्यावर परत घालणारेही आमच्या गल्लीत आहेत. एकाला जमलं म्हणून सगळ्यांना जमतं असं नाही.

दुकानात रोज विचारणा होते म्हणून लिहितो. 'दारूची गोळी' अशी एकच गोळी नाही. जुनी ती डायसल्फिराम. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये जंतांवरचं औषध म्हणून तपासताना तिचा हा गुण सापडला. दारू शरीरात मोडताना मधे एक विषारी पदार्थ तयार होतो, ही गोळी तो पुढे मोडू देत नाही. मग वर दारू घेतली की तोंड लालबुंद, छाती धडधड, उलट्या, बीपी खाली. म्हणजे ती भीतीवर चालते. नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत दारूसाठी १९९४ साली मान्यता मिळाली, ती मजा काढून घेते. तिसरी अकॅम्प्रोसेट, ती आधीच सोडलेल्यांसाठी, दिवसातून तीनदा दोन-दोन गोळ्या, किडनी बघून. तिन्हींना चिठ्ठी लागते. चिठ्ठीशिवाय मागू नका, मला नाही म्हणायला वाईट वाटतं.

किती उपयोग होतो? २०२३ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ११८ चाचण्यांचा आढावा आला, जवळपास २१ हजार माणसांचा. ५० मिलिग्रॅम नाल्ट्रेक्सोन ११ जणांना दिली, तर त्यातला एक जण, जो एरवी परत बेसुमार प्यायला लागला असता, तो वाचतो.

पेठनाका

अकरातला एक! म्हणजे दहा जणांनी नुसत्या खाल्ल्या. आणि ह्याला इलाज म्हणायचं?

मेडिकलवाला

दहा वाया गेले असं नाही हो. त्यांतले काही बिनगोळीचेही सुधारले असते, काही गोळी घेऊनही सुधारले नाहीत. गोळीमुळे जास्तीचा एक. बीपीच्या गोळ्यांचा असा हिशोब मांडला तर अकराला एक हा आकडा बऱ्यापैकी आहे असं दिसेल. तिथे कुणी 'मनाची तयारी' विचारत नाही.

आजचा_दिवस

चौदा वर्षं सोबर. दर रविवारी दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जातो, त्यामुळे माझं मत कुठलं ते आधीच सांगून टाकतो.

बेदाणा भाऊ, गोळीला माझा विरोध नाही. आमच्या मीटिंगला गोळ्या घेणारे येतात, त्यांना कुणी हुसकत नाही. माझा विरोध 'कमी' या शब्दाला आहे. मी अकरा वेळा कमी केली. फक्त शनिवारी. फक्त बिअर. फक्त घरात, बायकोसमोर. फक्त स्वतःच्या पैशांची (ही सगळ्यांत लवकर मोडली). प्रत्येक वेळी दोन-तीन महिने झकास चाललं आणि मी लोकांना सल्ले द्यायला लागलो, जसा तुम्ही हा धागा काढलात.

तुमची पद्धत म्हणते, पिण्याआधी तासभर गोळी. पण ज्या माणसाला आज मजा हवीच आहे, तो ती गोळी खाईल का? मजा काढून घेणारी गोळी मजेच्या दिवशी खिशातच राहते. त्या दिवसाचं काय करणार, एवढंच सांगा. सात महिने मला पुरेसे वाटत नाहीत.

सिस्टर_मिरज

मी पुरुषांच्या वॉर्डात सोळा वर्षं ड्युटी केली. 'मनाची तयारी' म्हणणाऱ्यांना एक रात्र आमच्याकडे बसवायला हवं.

गडी पाय मोडून ॲडमिट होतो. नातेवाईक सांगतात, "कधीमधी घेतो." पहिला दिवस बरा. दुसऱ्या दिवशी घाम, हाताला कंप. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागतात, चादरीवरून त्या झटकतो, सलाईन उपटतो, मला आपली वहिनी समजून "बैल सोडले का" विचारतो. दारू एकदम तुटल्यावर ४८ ते ७२ तासांत होतं हे, आणि यात माणूस जातोही. तिथे क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम असं शांत करणारं औषध द्यावंच लागतं, आणि ग्लुकोजच्या आधी बी-वन, म्हणजे थायमिन. नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला "उद्यापासून बंद" अशी शपथ घालू नका. देवाची नको, पोरांचीही नको. ज्याचा हात सकाळी थरथरतो, त्यानं आधी दवाखाना गाठायचा.

आणि 'भरपूर' म्हणजे किती, हेही लोकांना माहीत नसतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये जवळपास ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. दहा ग्रॅमचं एक ड्रिंक धरलं तर सहा झाली. बेदाणा भाऊ रोज बारा घेत होते, आणि ते म्हणे बेवडे नव्हते.

बेदाणा

सिस्टर, हे बाराचं गणित बायकोला दाखवू का नको, विचार करतोय.

कवठ्याची_सून

गोळीचं एवढं कौतुक चाललंय म्हणून माझं लिहिते.

सासूबाईंनी कुणाकडून तरी पुडी आणली. 'माणसाला न सांगता द्या, महिन्यात सुटते.' अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीवर आपण सगळ्यांनी वाचल्यात. त्या ती आमटीत घालायच्या, मला माहीत नव्हतं. एका संध्याकाळी नवरा पिऊन आला आणि उंबऱ्यातच बसला. चेहरा लाल, मानेपर्यंत. उलट्या, हात गार. रिक्षात घालून नेला. डॉक्टर विचारतात काय दिलं, काय दिलं, आणि सासूबाई पदर तोंडात धरून गप्प. शेवटी पहाटे बोलल्या. डॉक्टर म्हणाले, पुडीत बहुतेक डायसल्फिरामच कुटलेली असणार. वाचला, नशीब. त्यानंतर वर्षभर घरात तो पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं घ्यायचा. दारू राहिली बाजूला, आमच्यावरचा विश्वास मात्र सुटला.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. दोन वर्षांनी तीच गोळी त्यानं स्वतः कबूल होऊन घेतली, रीतसर, तपासण्या करून. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी घरातल्या कुणीतरी समोर उभं राहून द्यायची. घरातलं कुणीतरी म्हणजे कोण? मीच. चहाबरोबर गोळी, मग "तोंड उघड, जीभ वर कर." गोळी बंद केली तरी तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून तो कधी थांबवतो त्यावर माझी नजर. खोकल्याच्या औषधात अल्कोहोल आहे का, ते बाटली फिरवून वाचायचं. माहेरी चार दिवस गेले तर फोनवर व्हिडिओ लावून गोळी. दीड वर्ष मी बायको कमी आणि फौजदार जास्त होते. त्याची दारू सुटली, हे खरं. तालुक्याच्या सगळ्या बायका मला नशीबवान म्हणतात, तेही खरं. पण माझ्या मानेवर दीड वर्ष काय होतं ते कुठल्या चाचणीच्या आढाव्यात मोजलंय, मेडिकलवाले भाऊ?

मेडिकलवाला

नाही मोजलं ताई. निदान मी वाचलेल्यात नाही. उत्तर नाही माझ्याकडे.

आडवी_बाटली

कवठ्याच्या ताईंना उत्तर हेच, की बाईच्या मानेवरचं ओझं गोळीनं उतरत नाही, दुकान हललं की उतरतं. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की गावातलं दुकान बंद होतं, कायद्यातच आहे. आपल्याच उसाची मळी, तिचीच दारू, ती पिऊन आपलेच नवरे, आणि वर आपणच त्यांना गोळ्या चारायच्या. कारखाना, दुकानदार, सरकार, सगळ्यांची कमाई झाल्यावर उरलेला खर्च बाईनं औषधाच्या दुकानात करायचा!

सिस्टर_मिरज

ताई, दुकान बंद व्हायलाच हवं, मीही सही करीन. पण दुकान ज्या दिवशी अचानक बंद होतं, त्याच्या तिसऱ्या रात्री माझा वॉर्ड भरतो. दोन्ही लागतं. २०१९ चा राष्ट्रीय अहवाल सांगतो, दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे कसले ना कसले उपचार एकाला मिळतात. बाकीचे ३७ कुठे असतात? पंगतीत, मेव्हण्याशेजारी.

पेठनाका

वडिलांना आज विचारलं. म्हणाले, माळ घातल्यावर पहिले आठ दिवस आईनं त्यांना खोलीतून बाहेर पडू दिलं नव्हतं आणि तिसऱ्या दिवशी ते "पलंगाखाली साप आहे" म्हणून ओरडत होते. हे मला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मत बदललंय असं नाही. पण सांगून ठेवतो.

बेदाणा

सगळ्यांचं वाचलं. आजचा_दिवस भाऊंचा प्रश्न टाळत होतो, आता सांगतो. गणपतीत एक दिवस गोळी खिशात राहिली. मिरवणूक, ढोल, गावातली पोरं, आणि मला ती ऊब हवी होती. मुद्दाम नाही घेतली. दीड क्वार्टर झाली. दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं आणि डॉक्टरांनाही सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, सणाच्या दिवसांत ठरवून रोज सकाळीच घेत जा, संध्याकाळच्या माणसावर सोपवू नका. दिवाळीत तसंच केलं, कोरडी गेली.

म्हणजे भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे, मजेच्या दिवशी गोळी खिशात राहते. पण तुमच्या अकरा वेळा 'कमी' करण्यात विचारायला कुणी डॉक्टर नव्हता, वही नव्हती. माझी बारावी वेळ समजा हवं तर. लिव्हरचे आकडे मागच्या महिन्यात खाली आलेत.

कवठ्याच्या ताई, तुमचं वाचून एक बदल केला. गोळ्यांचं पाकीट बायकोकडे असायचं, देव्हाऱ्याशेजारच्या डबीत. कालपासून मीच ठेवतो.

आजचा_दिवस

डॉक्टरांना सांगितलंत हे बरं केलंत. मी माझी चूक पहिल्यांदा माणसांसमोर बोलायला नऊ वर्षं लावली. तरीही मला बंदच पटते, कमी नाही. रविवारी सकाळी या, चहा आमच्याकडचा. गोळी घेऊन आलात तरी चालेल.

वाळव्याहून

पहिल्यांदाच लिहितोय. धाकटा भाऊ आहे, २९ वर्षांचा, रोजची. दवाखान्याचं नाव काढलं की ताट भिरकावतो. त्याला न्यायचं कसं?

सिस्टर_मिरज

दादा, आधी तुम्ही एकटे जा. घरच्यांनी येऊन बोललेलं चालतं. जाणं जमत नसेल तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे. व्यसनासाठी वेगळा १४४४६ आहे. आणि भावाशी बोलायचं ते सकाळी, पिण्याआधी. पुडीच्या वाटेला जाऊ नका, वर वाचलंत ना.

बेदाणा

हे सगळं लिहिताना बायको मागं उभी राहून वाचत होती. म्हणाली, गणपतीत एक नाही, दोन दिवस. मी म्हटलं, नाही, एकच. वही काढली. दोन आहेत.