घरून काम करणाऱ्यांना नुसता गृहविमा पुरतो का?

नोंदवही:
माझं मत सरळ आहे: पुरत नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी मिळते. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं घरातलं सामान त्यात आपोआप धरलं जातं. पण इमारतीची ही रक्कम बांधकामखर्चावर ठरते, फ्लॅटच्या बाजारभावावर नाही. ६०० चौरस फूट कार्पेट आणि चौरस फुटाला २,५०० रुपये बांधकामाचा दर धरला तर इमारत १५ लाखांची आणि सामान ३ लाखांचं. फ्रिज, टीव्ही, कपाटं, कपडे यांतच ते संपतं. दीड-दोन लाखांचा संगणक, मॉनिटर आणि यूपीएस बसणार कुठे?

चौथा_मजला:
बसतात की! यादी देऊन सामानाची रक्कम वाढवता येते, प्रीमियम थोडाच वाढतो. शिवाय या पॉलिसीत अल्पविम्याची कपात नाही. सामान ५ लाखांचं असलं आणि विमा ३ लाखांचा असला, तरी २ लाखांचं नुकसान झाल्यास पूर्ण २ लाख मिळू शकतात, प्रमाणात कापत नाहीत. लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाला दुसरी पॉलिसी घ्यायला लावणं म्हणजे नाहक खर्च.

नोंदवही:
रकमेचा मुद्दा मान्य. अडचण व्याख्येची आहे. पॉलिसीत 'घरगुती वापराचं सामान' म्हटलंय. बिल फर्मच्या नावावर, जीएसटी नोंदणीत घराचाच पत्ता आणि दाराला पाटी, असं असेल तर सर्वेक्षक, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा, प्रश्न विचारणारच. नोकरदाराचा स्वतःचा लॅपटॉप आणि फ्रीलान्सरचं एडिटिंग मशीन यांत फरक आहे. म्हणून पॉलिसी घेतानाच विमा कंपनीला लेखी कळवा: घरात कुठलं काम चालतं, ग्राहक येतात का, कामगार आहेत का. आणि उत्तरही लेखीच घ्या. एजंटचं 'चालतंय हो' दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

तारजोड:
दोघेही मूळ दुखणं सोडून बोलताय. घरून काम करणाऱ्याचं यंत्र आगीत क्वचित जातं. ते जातं व्होल्टेज वाढल्यानं, शॉर्टसर्किटनं. आणि गृहविम्यात नेमकं हेच वगळलेलं आहे: दाब वाढणं, शॉर्टसर्किट, स्वतः तापणं, मग कारण वीज कोसळण्याचं असलं तरी. गंमत करत नाही, कलमच तसं आहे. पण ज्या यंत्रात बिघाड झाला तेवढंच वगळलं जातं. त्याच्यामुळे आग लागून टेबल, पडदे, शेजारचा प्रिंटर जळला तर त्याची भरपाई मिळते.

चोरीचंही तसंच. मूळ पॉलिसीत आग, पूर यांसारखी घटना घडल्यावर ७ दिवसांच्या आत झालेली चोरीच धरतात. कडी तोडून झालेली घरफोडी हवी असेल तर वेगळा भाग जोडावा लागतो.

चौथा_मजला:
मग स्टॅबिलायझर, सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग करा. दरवर्षीच्या प्रीमियमपेक्षा स्वस्त पडतं.

तारजोड:
अर्थिंग करायलाच हवं, पण त्यानं धोका कमी होतो, भरपाई मिळत नाही. बिघाडासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरण विमा असतो. मात्र तिथे मेख आहे: विमा रक्कम आजच्या नव्या यंत्राच्या किमतीएवढी लागते. नवं १.२ लाखाला मिळतं आणि तुम्ही ६० हजारांचा विमा घेतला, तर २० हजारांच्या दुरुस्तीचे १० हजारच मिळतील, त्यातून स्वतःचा ठरलेला हिस्सा कापून. यंत्र पूर्ण गेलं तर घसारा, म्हणजे वापरानं घटलेली किंमत, वजा होतो. चार वर्षांच्या जुन्या लॅपटॉपसाठी घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन.

चौथा_मजला:
हे पटलं. कंपनीनं दिलेल्या लॅपटॉपचं काय? मालक कंपनी, मग आपण विमा कशाला काढायचा?

नोंदवही:
आधी लॅपटॉप ताब्यात देतानाच्या कागदावर बघा, नुकसानीची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे का. टाकली नसेल तर तो कंपनीच्या विम्याचा प्रश्न. टाकली असेल तर एचआरकडून लेखी घ्या की त्यांच्या पॉलिसीत कर्मचाऱ्याच्या घरचा पत्ता धरला आहे की फक्त ऑफिसचा.

उंबरठा:
शिकवणी, केक, शिवणकाम करणाऱ्यांचा विचार कोणी केला नाही. विद्यार्थी किंवा ग्राहक जिन्यात घसरून जखमी झाला तर गृहविमा त्याची जबाबदारी घेत नाही, त्यासाठी सार्वजनिक उत्तरदायित्वाचं संरक्षण वेगळं लागतं. ओव्हन, मिक्सर, कच्चा माल असेल तर छोट्या व्यवसायांची 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी बघा, एका जागी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आहे. सोसायटीची पॉलिसी सहसा इमारतीची असते, आतल्या सामानाची नाही. आणि काम थांबल्यामुळे बुडालेली कमाई गृहविम्यात मिळत नाही.

तारजोड:
दाव्याची वेळ आलीच तर सर्वेक्षक येईपर्यंत जळकं सामान फेकू नका. मोबाइलवर फोटो काढा, यंत्राचा सिरियल नंबर आणि बिल वेगळ्या जागी, म्हणजे ईमेलवर ठेवा, अग्निशमन दलाचा अहवाल मागा. दावा नाकारला तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा, मग विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, भरपाईची मर्यादा ५० लाख आहे.

चौथा_मजला:
ठीक. मग नोकरदारानं गृहविम्यात सामानाची रक्कम वाढवून घरफोडी जोडावी, वेगळी पॉलिसी फ्रीलान्सर आणि घरगुती व्यावसायिकांनीच घ्यावी. एवढं मी मान्य करतो, 'सगळ्यांनी' हे अजूनही नाही.