मदत हवी आहे: टोनर अस्सल की जुन्या खोक्यात रिफिल?

लेझर प्रिंटरचा काळा टोनर आहे. खोक्यावरच्या सीलचा होलोग्राम हलवला की चिन्हं सरकतात, छपाईही स्वच्छ आहे, आणि प्रिंटर चिप 'ओरिजिनल' दाखवतो. पण चिप जुन्या कार्ट्रिजवरून काढून बसवता येते, त्यामुळे त्या मेसेजवर माझा फारसा भरवसा नाही.

शंका येण्याची कारणं: ओढून काढायची सीलपट्टी नव्हती (हे मॉडेल पट्टीसकट येतं), जोडाच्या फटीत टोनरची पूड होती, स्क्रूच्या खाचा घासलेल्या दिसतात. कागदाची पार्श्वभूमी राखाडी येते आणि एक ठिपका दर 75 मिमीवर उमटतो. ड्रम (कार्ट्रिजमधला फिरणारा दंडगोल, ज्यावरून टोनर कागदावर उतरतो) 24 मिमी व्यासाचा, म्हणजे परीघ साधारण 75 मिमीच. ओरखडा ड्रमवरच असणार. कोऱ्या ड्रमवर तो कुठून आला?

कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीचं, पण त्याच प्रिंटरला चालणारं) म्हणून उघडपणे विकलेल्या मालाबद्दल तक्रार नाही, ओरिजिनलच्या भावाने रिफिल नको.

विचारायचं हे:
- कार्ट्रिज न खोलता ड्रम वापरलेला आहे हे कशावरून ओळखता? कडेच्या झिजेवरून?
- खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर उघडलेलं पान खोटं असू शकतं. अनुक्रमांक कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून तपासता का?
- अधिकृत विक्रेत्याची खातरजमा खरेदीआधी कशी करता?

फोटो टाकू शकतो.