मेटामटेरियल खऱ्या उपकरणांत कुठे असतं?

सेमिनारवाली: मेटामटेरियलवर, म्हणजे तरंगलांबीपेक्षा लहान रचना पुन्हा पुन्हा मांडून लाटा हव्या तशा वळवणाऱ्या पदार्थावर, सेमिनार द्यायचा आहे. जिथे बघावं तिथे अदृश्य करणारं आवरण! 2000 मधला भौतिकशास्त्रज्ञ जॉन पेंड्रींचा परिपूर्ण भिंगाचा प्रस्ताव आणि 2006 चा ड्यूक विद्यापीठातला आवरणाचा प्रयोग वाचला. पण हे रोजच्या कामात कुठे वापरतात का?

अँटेनाकार: वापरतात, आणि सेमिनारात तेच सांगा. ड्यूकमध्ये तांब्याचा छोटा सिलिंडर लपवला होता, तोही एका मायक्रोवेव्ह फ्रिक्वेन्सीला आणि अर्धवटच. रेझोनन्सवर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच जोरात प्रतिसाद देण्यावर, चालणाऱ्या रचनेचं दुखणं हेच, की फ्रिक्वेन्सीचा पट्टा अरुंद आणि धातूत ऊर्जा वाया. म्हणून जिथे एक पट्टा पुरतो तिथे हे तंत्र जमतं.

माझं काम अँटेनाचं. 2.4 गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. अँटेना धातूच्या पत्र्याला आडवा चिकटवला, की परावर्तित लाट उलट्या फेजमध्ये (एकीचा चढ तिथे दुसरीचा उतार) येऊन मूळ लाटेला मारते. पाव तरंगलांबी, म्हणजे 3 सेंटिमीटरच्या आसपास जागा सोडावी लागते. पातळ उपकरणात ती कुठून आणायची?

सिव्हनपायपर आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये यावर फार देखणी युक्ती मांडली. पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डावर) तांब्याचे पॅच, प्रत्येकाच्या मधोमध खालच्या ग्राउंडच्या पत्र्यापर्यंत व्हाया, म्हणजे बोर्डातून जाणारी धातूची जोडणी. बोर्ड कापून बाजूने पाहिला तर अळंब्यांची रांग दिसते. पॅचमधल्या फटीत कपॅसिटन्स, व्हायामधून फिरणाऱ्या करंटमुळे इंडक्टन्स. दोन्ही जुळले की लाट त्याच फेजमध्ये परतते आणि अँटेना काही मिलिमीटरवर बसतो. मात्र बोर्ड पातळ केला की बँडविड्थही घटते, हे विसरू नका.

भिंगप्रेमी: प्रकाशातही तेच. हार्वर्डमध्ये कपासो यांच्या गटाने 2016 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म खांबांचं सपाट भिंग केलं, दृश्य प्रकाशासाठी. 2022 मध्ये मेटालेन्झ कंपनीचं असंच सपाट भिंग एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरमध्ये आलं. तिथे इन्फ्रारेडचा एकच रंग, त्यामुळे रंग फाकण्याची अडचण नाही.

सेमिनारवाली: आणि काइमेटा कंपनीचा सॅटेलाइट अँटेना?

अँटेनाकार: तोही याच घराण्यातला. लिक्विड क्रिस्टलवर व्होल्टेज बदललं की प्रत्येक घटकाचा रेझोनन्स सरकतो आणि बीम वळतो. डिश फिरवायची मोटर नको, घटकागणिक फेज शिफ्टरही (लाटेची फेज सरकवणारा वेगळा भाग) नको. चालत्या वाहनावर हे मोलाचं आहे.

सेमिनारसाठी त्या अळंबीचा एकच युनिट सेल (पुन्हा पुन्हा येणारा एक तुकडा) घ्या, पीरिऑडिक बाउंड्री लावून, म्हणजे तोच तुकडा चहूकडे अखंड पसरलाय असं धरून, सिम्युलेट करा आणि फ्रिक्वेन्सीनुसार परावर्तनाच्या फेजचा आलेख काढा. तो शून्य अंशाला जिथे छेदतो, ती तुमची फ्रिक्वेन्सी. फटीची रुंदी बदलत तोच आलेख पुन्हा काढा. अडलं तर इथे टाका, बघू.