बायकोसाठी इलेक्ट्रिक एमटीबी (डोंगरात चालवायची माउंटन बाइक) घ्यायचीय, हब मोटर की मिड ड्राइव्ह?

घाटवाट_पुणे:
नमस्कार मंडळी. दर रविवारी पहाटे साध्या एमटीबीवर सिंहगड करतो. बायकोलाही मनापासून यायचंय पण तिचा उजवा गुडघा दुखतो, घाट सुरू झाला की एक-दीड किलोमीटरमध्ये उतरून ढकलायची वेळ येते आणि खालीच थांबते बिचारी, मला एकट्याला वर जायला नको वाटतं. उंची 5 फूट 1 इंच. बजेट 70 हजार, थोडं ताणता येईल. दुकानदार म्हणतो 250 वॉटची हब मोटरवाली डोळे झाकून घ्या. वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय. काय बघू?

दुसरा_मजला:
दादा सरप्राइज नका देऊ, कळकळीने सांगते. माझ्या नवऱ्याने प्रेमाने आणली, 24 किलोची, आमच्याकडे लिफ्ट नाही, मी तीन पायऱ्या चढवली आणि खाली ठेवली. शिवाय फ्रेम मोठी, सिग्नलला उतरले की नळी मांडीला लागायची. वहिनींना घेऊन जा, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहू दे, उचलून बघू दे. आणि बॅटरी काढून घरात चार्ज करता येते का ते बघाच, पार्किंगमध्ये प्लग कुठे असतो!

चेनलूब:
वॉट सगळीकडे तेच असणार, कारण 250 वॉट आणि ताशी 25 च्या आत असेल तरच लायसन्स-नोंदणीची भानगड नसते. खरा फरक चढावर कळतो. हब मोटर चाकात असते, तिला तुमच्या गिअरचा फायदा नाही, त्यामुळे ताशी 7-8 ने घाट चढताना ती तापते. मिड ड्राइव्ह पेडलपाशी असते, जोर गिअरमधून जातो, चेन मात्र लवकर झिजते. या बजेटमध्ये मिड ड्राइव्ह अवघड आहे, मग निदान टॉर्क सेन्सर तरी बघा. स्वस्तात कॅडन्स सेन्सर येतो, त्याला फक्त पेडल फिरतंय एवढंच कळतं, म्हणजे थांबून परत निघताना पहिला जोर गुडघ्यानेच लावायचा आणि मोटर मागून येणार. टॉर्कवाली पाय दाबला की लगेच साथ देते. दुखऱ्या गुडघ्याला हेच महत्त्वाचं. बॅटरी 36 व्होल्ट 10 अँपिअर-अवर म्हणजे 360 वॉट-अवर, एका घाटाला पुरते, पण घरापासून फुल असिस्टवर, म्हणजे मोटरची पूर्ण मदत घेऊन, निघू नका, सपाटीला कमी ठेवा.

घाटवाट_पुणे:
खूप आभार. आज दोघं जाऊन आलो. दुकानाबाहेरच्या चढावर तिने आधी कॅडन्सवाली चालवली, निघताना गुडघा धरला. मग टॉर्कवाली, छोट्या फ्रेमची, हब मोटरच आहे. वर जाऊन वळून आली आणि परत गेली. 12 हजार जास्त आहेत, देतो. उतरताना काही काळजी?

चेनलूब:
हायड्रॉलिक डिस्क ब्रेक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) आहेत ना ते बघा, सायकलच जड असते. वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबून सोडायचे, सतत धरून ठेवायचे नाहीत. आणि पहिल्या दिवशी अर्ध्यातूनच परत फिरा, मोटरला हात लावून किती तापली ते बघा.