मदत हवी आहे : ब्रीडर कोंबड्यांचे खाद्य दोन वेळांत विभागावे का?

माझ्याकडील ब्रॉयलर ब्रीडर (ब्रॉयलर पिल्लांसाठी उबवणीची अंडी देणाऱ्या) कोंबड्या ४८ आठवड्यांच्या असून, त्यांना रोज १६ तास प्रकाश आणि पक्ष्यामागे १५८ ग्रॅम खाद्य मिळते. ते पहाटे दिवे लागताच एकदाच दिले जाते आणि तीन तासांत संपते. गेल्या पाच आठवड्यांत पातळ कवचाची अंडी वाढली आहेत, काही तर ट्रेमध्ये ठेवतानाच बोटाखाली दबतात. कवच घडायला सुमारे २० तास लागतात व त्यातला बराच काळ रात्रीचा असतो, तेव्हा आतड्यात कॅल्शियम उरत नसावे, असा माझा कयास आहे.

खाद्यातील कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड३ जीवनसत्त्व तपासून झाले, आजाराची लक्षणेही नाहीत. दुपारी शिंपल्यांची जाडसर चुरी तुसावर टाकून पाहिली, पण ती दांडग्या कोंबड्याच फस्त करतात. सकाळी उशिरा खाद्य दिले, तर ऐन अंडी घालण्याच्या वेळी कोंबड्या घरट्यांतून उठल्या आणि जमिनीवरची अंडी वाढली. वजन आधीच जास्त असल्याने एकूण खाद्य वाढवता येणार नाही. नरांची खाद्यभांडी वेगळी आहेत.

हेच १५८ ग्रॅम दोन वेळांत विभागायचे असल्यास दुपारचा वाटा किती ठेवावा, तो दिवे मालवण्यापूर्वी किती तास आधी द्यावा, आणि उत्पादन घटू न देता हा बदल किती दिवसांत करावा?